गणितात शोधायचं तरी काय? एम.एस्सी.च्या डिझर्टेशनबद्दल थोडं सरळ

रसायनशास्त्रवाल्यांचं बरं असतं. गावोगावच्या हापशांचं पाणी बाटल्यांत भरून आणलं, फ्लोराइड मोजलं, की पोरगं काय करतंय ते घरच्यांनाही कळतं. गणित आणि संख्याशास्त्रवाल्यांची मात्र पंचाईत होते. "गणितात आता का शोधाचं राह्यलं बाप्पा? दोन न् दोन चारच होतेत ना?" हे पानठेल्यावर हमखास ऐकावं लागतं. खरं सांगायचं तर एम.एस्सी.ला बसलेल्या बऱ्याच पोरापोरींच्या मनातही हाच प्रश्न असतो, फक्त वर्गात कोणी तो मोठ्यानं विचारत नाही.

आता तो टाळता येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रम २०२३-२४ पासून बदलले आणि एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात संशोधन प्रकल्प, म्हणजेच डिझर्टेशन, आला. तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ क्रेडिट. दोन वर्षांच्या ८८ क्रेडिटपैकी १० एकट्या प्रकल्पाचे. अमरावती, नागपूर किंवा गोंडवाना, विद्यापीठ कोणतंही असो, तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरीलाही हे करायचंच आहे. तिच्या कॉलेजात ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं असली तरी.

पहिली भीती काढून टाकू. एम.एस्सी.च्या डिझर्टेशनमध्ये जगाला माहीत नसलेलं नवं प्रमेय कोणी मागत नाही. ती अपेक्षा पीएच.डी.ची. इथं बघतात ते एवढंच: तुम्ही एक प्रश्न नीट मांडलात का, त्याबद्दल आधी कोणी काय केलं ते वाचलंत का, आणि उत्तरापर्यंत जाताना प्रत्येक पायरी तुम्हाला स्वतःला समजली होती का. उत्तर जुनंच असेना, ते तुमच्या हातानं निघालेलं असावं.

आणि प्रश्न लहान असावा. एका बैलजोडीनं दिवसभरात वखरून होईल तेवढंच वावर हाती घ्यावं, तसं. कॉलेजात मागच्या वर्षांचे प्रोजेक्ट ठेवलेलं कपाट उघडून बघा. "ग्राफ थिअरी आणि तिचे उपयोग", "मॅट्रिक्स आणि त्यांचे उपयोग", "लाप्लास ट्रान्सफॉर्म आणि त्याचे उपयोग" अशी नावं ओळीनं दिसतील. आत पन्नास-साठ पानं व्याख्या, पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं आणि शेवटी एक पान उपयोगांची यादी. या नावांत प्रश्नच नाही. "आणि उपयोग" असं शीर्षक सुचलं की समजायचं, विषय मिळाला पण प्रश्न अजून मिळायचा आहे.

मग प्रश्न दिसतो कसा? एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू, कारण नुसत्या सल्ल्यानं हे कळत नाही.

नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर पदव्युत्तर शिक्षण न घेता आयुष्यभर आकड्यांशी खेळत राहिले. ६१७४ या संख्येची गंमत त्यांनी १९४९ मध्ये मांडली. १९७५ मध्ये अमेरिकेतले गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग जगभर नाव झालं. गंमत अशी: चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर पुन्हा तेच केलं तर ६१७४ च येते. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथं पोचते.

हे वाचून "वा, मस्त" म्हणून पुढं गेलात तर ती सामान्यज्ञानाची गोष्ट झाली. डिझर्टेशन करणाऱ्यानं इथं विचारायचं: चारच अंक का? तीन घेतले तर?

वही काढा. तीन अंक अ, ब, क असे, मोठ्याकडून लहानाकडे. मोठी संख्या १००अ + १०ब + क, लहान १००क + १०ब + अ. वजाबाकी केली की ब उडून जातो आणि उरतं ९९ × (अ − क). मधला अंक कोणताही असू दे, त्याचा काही संबंधच नाही! सगळी कहाणी एका फरकावर येऊन ठेपली. त्या फरकाला फ म्हणू. अंक सगळे सारखे नाहीत, म्हणजे फ १ ते ९ यांपैकीच काहीतरी. नऊशे संख्या तपासायच्या होत्या, त्या नऊच उरल्या.

आता ९९ × फ चे अंक बघा: फ − १, मग ९, मग १० − फ. फ तीन असेल तर २, ९, ७. बरोबर, २९७. यात सर्वांत मोठा अंक कायम ९. सर्वांत लहान म्हणजे उरलेल्या दोघांतला लहान. म्हणून पुढच्या पायरीचा नवा फरक हा १० − फ आणि फ − १ या दोघांतला मोठा असतो. लावून बघा: १ वरून ९, ९ वरून ८, मग ७, ६, ५. आणि ५ वरून पुन्हा ५. दोनवरून ८, तीनवरून ७, चारवरून ६, म्हणजे तेही त्याच उतरंडीला लागतात. फ पाच झाला की संख्या ९९ × ५ = ४९५. तीन अंकांचा मुक्काम ४९५, आणि तिथं पोचायला सहापेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. सिद्धता पूर्ण.

अर्धं पान झालं. आता पुढचा प्रश्न आपोआप येतो: आपण दहाच्या पायात मोजतो, म्हणजे ० ते ९ असे दहाच अंक वापरतो, म्हणून असं होतं का? आठच्या पायात, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक घेतले तर, काय होईल? वरच्या सिद्धतेत १० च्या जागी प लिहा. नवा फरक प − फ आणि फ − १ यांतला मोठा. प सम असेल तर फ बरोबर प च्या निम्म्यावर येऊन थांबतो. आठच्या पायात तो मुक्काम ३७४ आहे, करून बघा. प विषम असेल तर मात्र निम्मा पूर्णांक येत नाही आणि गाडी एका जागी थांबतच नाही, दोन संख्यांमध्ये येरझारा घालते. नऊच्या पायात ३८५ वरून ४८४ आणि ४८४ वरून परत ३८५.

हे निकाल लोकांनी पूर्वीच काढलेले आहेत. पण एखाद्या पोरीनं ते स्वतः काढले, मग चार अंकांत ब का उडत नाही आणि काम एकदम अवघड का होतं हे दाखवलं, पाच अंकांना एकही मुक्काम का मिळत नाही ते संगणकावर छोटा प्रोग्राम लिहून तपासलं, तर तिचं डिझर्टेशन तयार आहे. पानं तीस भरली तरी पुरे. जाडीवर गुण देणारे परीक्षक असतात, नाही असं नाही. पण तीस पानांतली प्रत्येक ओळ जिला येते तिला ते तोंडी परीक्षेत अडवू शकत नाहीत.

संख्याशास्त्राची वाट वेगळी. तिथं सिद्धतेपेक्षा आकडेवारीशी झटापट जास्त, आणि आकडेवारीच्या बाबतीत विदर्भातला विद्यार्थी अजिबात गरीब नाही. पुण्याच्या हवामान विभागाकडे १९०१ पासूनचा रोजचा पाऊस चौकटवार मिळतो, पाव अंशाची एक चौकट, म्हणजे साधारण पंचवीस-सत्तावीस किलोमीटरची. राज्याच्या कृषी खात्याकडे महसूल मंडळनिहाय पाऊस आहे. केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटवर बाजार समित्यांमधले कापूस, तूर, सोयाबीनचे भाव आणि आवक आहे. हे सगळं फुकट. आणि ज्याच्या बापानं त्याच बाजार समितीत सोयाबीनची गाडी उभी केली आहे त्याला त्या आकड्यांमागं काय चालतं ते कळतं. ही गोष्ट शहरातल्या विद्यार्थ्याकडे नसते.

पण फाइल उघडली की लगेच सरासरी काढायला धावू नका. पावसाच्या फाइलमध्ये जिथं मोजणी नाही तिथं −९९९ असा आकडा ठेवलेला असतो. तो न काढता सरासरी घेतली की वार्षिक पाऊस उणे येतो. तेव्हा निदान चूक दिसते तरी. भावांच्या फाइलमध्ये ती दिसत नाही. दिवाळीत बाजार बंद असतो, त्या दिवसांचा भाव शून्य धरला तर सरासरी गुपचूप खाली येते आणि कोणालाच कळत नाही. भाव नाही आणि भाव शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन-तीन आठवडे फक्त आकडे साफ करण्यात जातील, ते गृहीत धरूनच वेळ आखा.

समजा प्रश्न घेतला: आपल्या तालुक्यात जूनचा पाऊस कमी होत चाललाय का? मिरगाचा पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही, हे प्रत्येक कास्तकार सांगतो. तपासायचं कसं? मान आणि केंडॉल या दोघांच्या नावाची एक चाचणी आहे, तिचं बोट कोणालाही धरता येईल इतकी सोपी. प्रत्येक दोन वर्षांची जोडी घ्यायची. नंतरच्या वर्षी पाऊस जास्त असेल तर अधिक एक, कमी असेल तर उणे एक. सगळ्यांची बेरीज. कल्पनेतली पाच वर्षं घेऊ: १२०, ९०, १६०, ७०, १४० मिलिमीटर. जोड्या दहा. १२० च्या पुढं ९० (उणे), १६० (अधिक), ७० (उणे), १४० (अधिक). ९० च्या पुढं अधिक, उणे, अधिक. १६० च्या पुढं दोन्ही उणे. ७० च्या पुढं अधिक. पाच अधिक, पाच उणे, बेरीज शून्य. कल नाही. तीस वर्षं घेतली तर जोड्या ४३५ होतात, तेव्हा काम संगणकाकडे द्यायचं. बेरीज शून्यापासून किती दूर गेली म्हणजे तो नुसता योगायोग नाही, हे सांगण्यासाठी पुढचं गणित लागतं, आणि तेच तुमच्या डिझर्टेशनचं दुसरं प्रकरण.

इथं एक सापळा आहे, आणि छापून आलेल्या पेपरांतही लोक त्यात पाय घालतात. विदर्भाचे ११ जिल्हे, वर्षाचे १२ महिने. प्रत्येकासाठी वेगळी चाचणी केली तर १३२ चाचण्या होतात. पाच टक्क्यांची पातळी धरली, म्हणजे कल नसताना "आहे" म्हणण्याची चूक शंभरांत पाच वेळा चालवून घेतली, तर कुठंच काही बदललं नसलं तरी सहा-सात ठिकाणी "लक्षणीय कल" दिसणारच. मग पोरगं मोठ्या आनंदानं लिहितं, "वाशीमचा फेब्रुवारी आणि भंडाऱ्याचा नोव्हेंबर बदलत आहे." बदलत काही नाही, जाळं मोठं टाकलं म्हणून काहीतरी अडकलं. यावर उपाय आहेत, बॉनफेरोनीची दुरुस्ती त्यातली सर्वांत साधी: पाच टक्क्यांना चाचण्यांच्या संख्येनं भागायचं. शिवाय शेजारशेजारचे जिल्हे एकाच ढगाखाली असतात, ते एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, हेही लिहायला हवं.

सर्वेक्षणाचं प्रकरण याहून नाजूक. "आमच्या गावातल्या १०० शेतकऱ्यांचा अभ्यास" हा विषय दर वर्षी कोणी ना कोणी घेतंच. हे शंभर जण सापडतात कुठं? चौकात, पानठेल्यावर, सोसायटीच्या ओट्यावर. म्हणजे दुपारी तिथं बसायला ज्याला वेळ आहे तोच नमुन्यात आला. निंदायला गेलेल्या बाया नाहीत, मजुरीला बाहेरगावी गेलेले नाहीत. गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला तर त्याहून वाईट, कारण तेव्हा कोणी भरला आणि कोणी नाही हेही कळत नाही.

नमुना कसा काढायचा हे शिकायचं असेल तर लांब जायला नको, पीक कापणी प्रयोग बघा. पीक विम्यामुळं तो शब्द गावात सगळ्यांना ठाऊक आहे. शेत आधी यादीतून यादृच्छिक पद्धतीनं निवडतात. मग शेतात गेल्यावर चांगली किंवा वाईट जागा डोळ्यांनी निवडायची नाही. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून सुरुवात, यादृच्छिक आकड्यांची एक जोडी घ्यायची, तेवढी पावलं लांबीकडे, तेवढी रुंदीकडे, आणि तिथं प्लॉट आखायचा. पऱ्हाटी तिथं भरगच्च असो की जळालेली. ही पद्धत भारतात रुजवण्यामागं संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि आपल्या सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे यांचं काम आहे. प्लॉट केवढा असावा यावरून दोघांचे झालेले वादही प्रसिद्ध आहेत. विम्याच्या पैशांवरून गावात जी भांडणं होतात त्यांतली काही या कोपऱ्यापासूनच सुरू होतात, हा वेगळा विषय.

तुमच्या सर्वेक्षणात यादी म्हणून मतदार यादी वापरता येते. १२०० नावं असतील आणि १०० हवीत तर १ ते १२ मधला एक आकडा चिठ्ठीनं काढा आणि तिथून दर बारावं नाव घ्या. ज्याचं नाव आलं त्याच्याच घरी जायचं, तो भेटला नाही तर पुन्हा जायचं, शेजारच्याला विचारून काम भागवायचं नाही. इतकं केल्यावरही शंभरांच्या नमुन्यात टक्केवारी साधारण दहा अंकांनी इकडेतिकडे होऊ शकते. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट, म्हणजे ४००. हे पाहून बरेच जण सर्वेक्षणाचा नाद सोडतात आणि पावसाकडे वळतात. शहाणपणाचं आहे.

वाचायला साहित्य कुठून आणायचं? कॉलेजच्या दोन कपाटांबाहेर बरंच काही मोकळं आहे. 'अर्काइव्ह' या साठ्यावर १९९१ पासूनचे लेख फुकट मिळतात. गणिताच्या लेखांची सूची असलेलं झेडबीमॅथ २०२१ पासून सर्वांना खुलं झालं. देशातले पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगावर आहेत. आर आणि पायथन ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत, चोरीची प्रत शोधायची गरज नाही. गावात रेंज दगा देते, म्हणून तालुक्याला आलात की महिन्याभराचे लेख उतरवून घ्या. आणि शंभर लेख उतरवण्यापेक्षा तीन लेख पेन्सिल घेऊन वाचा. गणिताचा लेख कादंबरीसारखा वाचता येत नाही. एका दिवसात एक पान झालं तरी ती चांगली गती आहे.

गाइडबद्दल थोडंच. तालुक्याच्या कॉलेजात एका सरांकडे बरीच पोरं असतात, आणि वर निवडणूक, परीक्षा, नॅकचं मूल्यांकन यांची कामं. "सर, काहीतरी सोपा टॉपिक सांगा ना" म्हणत गेलात तर मागच्या वर्षीचाच टॉपिक मिळेल. "मॅडम, या ओळीवरून या ओळीवर लेखक कसा आला ते समजत नाही" असं कागद दाखवून विचारलंत तर पंधरा मिनिटंही पुरतात.

लिहिण्याचं म्हणाल तर लाटेक शिका, गणिताचा मजकूर जुळवणारं सॉफ्टवेअर. कॉलेजसमोरच्या टायपिंग सेंटरवर दिलंत की थीटाचा शून्य होतो, "सभासद आहे" या चिन्हाचा इंग्रजी ई होतो, आणि सुधारणेचे पैसे पुन्हा वेगळे. लाटेकला पहिले आठ-दहा दिवस डोकं फिरतं, नंतर समीकरणांचे क्रमांकही ते स्वतः सांभाळतं.

उसनवारीचा, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून देण्याचा, नियम कडक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत पदव्युत्तर डिझर्टेशनही येतं. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्के निघालं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यावं लागतं. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. प्रमाण चिन्हं आणि समीकरणं यातून वगळलेली आहेत, तेव्हा सूत्र सारखं आलं म्हणून घाबरायचं कारण नाही. व्याख्येभोवतीची वाक्यं मात्र तुमची हवीत. चॅटजीपीटीकडून सिद्धता लिहून घेणाऱ्यांनी ती निदान एका छोट्या उदाहरणावर चालवून बघावी. ऐटीत "हे स्पष्टच आहे" लिहिलेल्या जागी बहुधा खड्डा असतो. चॅटजीपीटी अस्तित्वात नसलेले संदर्भही बेधडक देतं, आणि बाहेरून आलेले परीक्षक संदर्भसूचीवरून एखादं नाव उचलून विचारतात, "हा लेख तुम्ही वाचलाय?"

तोंडी परीक्षेला प्रश्न ठरलेले असतात. हे गृहीतक काढलं तर प्रमेय मोडतं का? मोडतं तर उदाहरण द्या. संख्याशास्त्रात विचारतात, पी-व्हॅल्यू ०.०३ म्हणजे काय? "कल नसण्याची शक्यता तीन टक्के" असं उत्तर येतं आणि ते चुकीचं आहे. कल मुळीच नाही असं धरून चाललं, तर आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून ठळक आकडा निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता तीन टक्के, असं ते आहे. आणि चाचणीत काहीच कल निघाला नाही म्हणून लाजू नका. नीट आकडेवारीवर, नीट पद्धतीनं "कल आढळला नाही" निघालं तर तोही निष्कर्षच आहे. जाताना कच्ची वही सोबत न्या, परीक्षकांना ती बांधलेल्या प्रतीपेक्षा जास्त आवडते. एखादं उत्तर येत नसेल तर "हे मी तपासलं नाही, सर" म्हणून मोकळं व्हा. फळ्यावर काहीतरी लिहीत राहिलात की ते त्याच ओळीतून पुढचा प्रश्न काढतात.